शिंपल्यांच्या खिडक्या: जुन्या गोव्यातील सेंट कॅथरीनचे कपेल

जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस असिसी चर्चच्या पश्चिमेस सुमारे शंभर मीटर अंतरावर जांभ्या दगडाची एक आटोपशीर वास्तू उभी आहे. दर्शनी बाजूला दोन्हीकडे बुरुजासारखे मनोरे, आत एकच वेदी आणि बाकी जवळजवळ काहीही अलंकरण नाही, अशी तिची साधी रचना असल्यामुळे से कॅथेड्रल आणि बॉं जेझुस बॅसिलिका पाहून परतणाऱ्या प्रवाशांपैकी थोडेच तिच्याकडे वळतात. ही वास्तू म्हणजे सेंट कॅथरीनचे कपेल. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात धर्मग्रामाच्या मुख्य प्रार्थनामंदिराला 'इगर्ज' म्हणतात, तर एखाद्या संताच्या नावाने, एखाद्या वाड्यासाठी किंवा एखाद्या घटनेच्या स्मरणार्थ उभारलेल्या लहान प्रार्थनामंदिराला 'कपेल' असे म्हटले जाते. या कपेलच्या खिडक्यांत काचेच्या जागी शिंपले बसवलेले आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या तिच्या वर्णनातही या शिंपल्यांची नोंद आहे, पण ती एका ओळीपुरतीच. वास्तविक गोव्याच्या ख्रिस्ती वास्तुकलेचा जेवढा संबंध लिस्बनशी आणि रोमशी आहे, तेवढाच तो मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखाशी साचलेल्या चिखलाशीही आहे, आणि हे समजून घेण्यासाठी या खिडक्यांइतके चांगले साधन दुसरे नाही.

या कपेलचा जन्म एका लढाईत झाला. विजापूरच्या आदिलशाहीकडे असलेले गोवा शहर पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्क याने १५१० च्या फेब्रुवारीत घेतले, काही महिन्यांतच ते त्याच्या हातून गेले, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला त्याने ते पुन्हा जिंकले. त्या विजयानंतर शहरातील मुसलमान रहिवाशांची मोठी कत्तल करण्यात आली, ही गोष्ट या वास्तूच्या इतिहासातून वगळता येत नाही, कारण तिचे मूळ प्रयोजनच त्या विजयाचे स्मारक उभारणे हे होते. २५ नोव्हेंबर हा अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा सणाचा दिवस असल्यामुळे अल्बुकर्कने तिच्या नावाने मातीच्या भिंतींचे आणि गवती छपराचे एक तात्पुरते प्रार्थनामंदिर बांधवले, आणि कॅथरीन ही गोव्याची संरक्षक संत ठरली. आख्यायिकेनुसार तिला ज्या खिळ्यांच्या चाकावर मारण्याचा प्रयत्न झाला, ते चाक पुढे पोर्तुगीज गोव्याच्या राजचिन्हातही आले.

१५३४ मध्ये पोप तिसरा पॉल याच्या आज्ञापत्राने या कपेलला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या पीठस्थानाचा दर्जा मिळाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत पसरलेल्या धर्मप्रांताचे केंद्र काही काळ ही लहानशी वास्तू होती, हे आज तिच्यासमोर उभे राहिल्यावर खरे वाटत नाही. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने ती नव्याने आणि मोठी बांधवली, आणि याच ठिकाणी शहराचे ते दार होते ज्यातून अल्बुकर्क आत शिरला, अशा आशयाचा शिलालेख तिच्या भिंतीत बसवला. त्यानंतर १५६२ मध्ये जवळच से कॅथेड्रलचे प्रचंड बांधकाम सुरू झाले, १६१९ पर्यंत त्याचा मुख्य भाग पूर्ण झाला, आणि तेही कॅथरीनलाच अर्पण केलेले असल्याने मान व सोहळे सगळे तिकडे गेले. लहान कपेल मागे राहिले. मोठ्या वास्तूंना प्रत्येक शतकाने नवे सोनेरी लाकूडकाम आणि नवी चित्रे दिली, हिच्या वाट्याला ते फारसे आले नाही, आणि म्हणूनच दगड, लाकूड, चुना व शिंपला या मूळ चार सामग्रींचा विचार येथे विनाव्यत्यय करता येतो.

खिडक्यांत वापरला जाणारा हा शिंपला प्राणिशास्त्रात 'प्लाकुना प्लासेंटा' या नावाने ओळखला जातो. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. तो मृदुकाय, म्हणजे अंगात हाडे नसलेल्या आणि कवचात राहणाऱ्या प्राण्यांपैकी असून तिसऱ्या किंवा कालवे यांच्याप्रमाणेच त्याच्या कवचाचे दोन पाले असतात. फरक असा की हे दोन्ही पाले जवळजवळ सपाट, वर्तुळाकार आणि इतके पातळ असतात की बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे केले तर पलीकडचे बोट सावलीसारखे दिसते. पूर्ण वाढलेला शिंपला साधारणपणे आठ ते दहा सेंटिमीटर व्यासाचा भरतो, क्वचित त्याहून मोठा. खाडीच्या तळाशी साचलेल्या मऊ गाळावर तो आडवा पडून राहतो आणि पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खातो. खडकाला चिकटून राहणाऱ्या कालवांना जसा कठीण आधार लागतो, तसा याला लागत नाही. उलट शांत पाणी आणि चिखल हीच त्याची गरज असते. जुवारीच्या मुखावरील चिखली आणि नावशी येथील उपसागर याच कारणामुळे त्याची जुनी वसतिस्थाने आहेत. कोंकणीत या शिंपल्यांना 'मेंड्यो' म्हणतात, त्यांचे मांस खाल्ले जाते, आणि ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून ते गोळा करणे हे किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम राहिले आहे.

बोलीभाषेत आणि पर्यटनपुस्तिकांत या खिडक्यांना मोत्याच्या शिंपल्याच्या खिडक्या म्हटले जाते, पण खनिजशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर नाही. मोत्याच्या शिंपल्याचा चमकदार आतला थर अरगोनाइट या खनिजाचा असतो, तर प्लाकुनाचे कवच कॅल्साइटचे असते. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, परंतु स्फटिकांची मांडणी वेगळी. प्लाकुनाच्या कवचात कॅल्साइटच्या अतिशय बारीक, लांबट पट्ट्या एकमेकींवर पानांच्या चळतीसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय पदार्थाचा अगदी पातळ थर असतो. कवचाच्या वजनापैकी सुमारे ९९ टक्के भाग खनिजाचा आणि उरलेला जेमतेम एक टक्का सेंद्रिय असतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील लिंग ली आणि ख्रिस्टीन ऑर्टिझ यांनी २०१४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की या कवचाला टोकदार वस्तूने दाबले असता त्यातील स्फटिक विशिष्ट पद्धतीने दुमडतात, इजा लहानशा जागेपुरती सीमित राहते आणि तडा पुढे धावत नाही. साध्या कॅल्साइटच्या स्फटिकाच्या तुलनेत हे कवच आघाताची ऊर्जा सुमारे दहापट अधिक जिरवते. पारदर्शकता आणि चिवटपणा हे गुण सहसा एकत्र नांदत नाहीत, म्हणून या शास्त्रज्ञांना त्यात रस होता. गोव्याच्या सुतारांना हा गुण करवतीखाली कळत होता: शिंपल्याच्या कडा कापून त्याचा चौकोन करताना तो फुटून त्याचे तुकडे होत नाहीत.

सोळाव्या शतकात सपाट काच ही युरोपातही महाग वस्तू होती, आणि लिस्बनहून निघालेल्या गलबतांना गोव्याला पोहोचण्यास सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागत असल्याने ती तेथून आणणे व्यवहार्य नव्हते. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल याने येथील घरांच्या वर्णनात काचेऐवजी घासून पातळ केलेले, लाकडी चौकटीत बसवलेले शिंपले नोंदवले आहेत. म्हणजे कपेलच्या पुनर्बांधणीनंतर दोन पिढ्यांच्या आत ही पद्धत परदेशी माणसाच्या सहज नजरेस पडावी इतकी सर्वत्र झालेली होती. पोर्तुगीज लेखनात या शिंपल्यांना 'कारेपा' म्हटले जाई.

खिडकी तयार करण्याची रीत दिसायला सोपी आहे. शिंपले स्वच्छ करून, वरचा खडबडीत थर घासून काढून, त्यांचे काही सेंटिमीटर लांबीरुंदीचे चौकोन किंवा आयत कापले जात. सागवानी लाकडाच्या अरुंद पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी बारीक खाच पाडून त्या खाचांत हे तुकडे एकाखाली एक सरकवले जात, आणि अशा अनेक उभ्या पट्ट्या एका झडपेच्या चौकटीत बसवल्या जात. लेप, खिळा किंवा शिसे यांची गरज नव्हती. एखादा तुकडा निकामी झाला तर पट्टी सैल करून तेवढाच बदलता येई. गोव्यात सुताराला 'मेस्त' म्हणतात, हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, पण या मेस्तांचे हात येथल्याच देवळांच्या आणि होड्यांच्या लाकूडकामावर घडलेले होते. गोव्यातील चर्चचे नकाशे बहुधा मिशनरी संस्थांकडून येत आणि त्यांच्याच नावावर राहिले. खिडकीची खाच किती खोल असावी हे ठरवणाऱ्याचे नाव कोणत्याही शिलालेखात आलेले नाही. या उणिवेची खंत वाटल्याखेरीज राहत नाही, कारण चार शतकांनंतरही तपासून पाहता येईल असे कौशल्य त्या खाचेतच आहे.

कपेलच्या आत या खिडक्यांमुळे काय घडते, याकडे आता वळता येईल. काच प्रकाशाला सरळ जाऊ देते, त्यामुळे उन्हाचा पट्टा जमिनीवर पडतो, सरकतो, आणि बाहेरचे दृश्य आत येते. शिंपल्यातून जाताना प्रकाश त्याच्या असंख्य थरांवर विखुरतो. आत पोहोचतो तो दुधाळ, सर्व बाजूंनी सारखा आणि सावली जवळजवळ नसलेला उजेड. कोकणपट्टीच्या प्रखर उन्हात हा लाभ मोठा आहे: डोळ्यांवर येणारी तिरीप जाते, पण भर दुपारी दिवा लावावा लागत नाही, आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर येणारा पाऊसही अडतो. उत्तर युरोपातील कॅथेड्रलांनी रंगीत काचेच्या खिडक्यांतून बायबलमधील कथा सांगितल्या, तेथील सौम्य प्रकाशाला काचेने रंग दिला. गोव्यात प्रकाश मुबलक होता. त्याला मऊ करणे आवश्यक होते. म्हणून येथे कथा सांगण्याचे काम वेदीवरच्या कोरीव लाकडाकडे आणि चित्रांकडे गेले, आणि खिडकी चित्रहीन राहिली. तिचे सौंदर्य शिंपल्याच्या अंगच्या वाढीच्या रेषांत आणि प्रत्येक तुकड्याच्या किंचित निराळ्या छटेत आहे, आणि ते पुरेसे आहे.

ही पद्धत केवळ चर्चपुरती राहिली नाही. चांदर येथील मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाच्या प्रसिद्ध वाड्यासारख्या ख्रिस्ती जमीनदारांच्या घरांत आणि हिंदू घरंदाज कुटुंबांच्या वाड्यांतही शिंपल्यांच्या झडपा आल्या. पूर्वेकडेही तिचा विस्तार दिसतो. धार्मिक व राजकीय बाबतींत दीर्घकाळ गोव्याच्या अखत्यारीत असलेल्या मकाव येथे 'मंदारिनचे घर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील वाड्यात अशाच शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. फिलिपाइन्समध्ये याच शिंपल्याला 'कापिझ' म्हणतात आणि स्पॅनिश अमलातील तेथील घरे व चर्च यांच्या सरकत्या झडपांत तो बसवलेला आढळतो. जेथे प्लाकुनाचा गाळ आहे आणि जेथे आयबेरियन साम्राज्यांची बंदरे आहेत, तेथे ही खिडकी आहे, असे ढोबळपणे म्हणता येते.

शिंपल्यांनी नटलेली इतर कॅथलिक प्रार्थनामंदिरे पाहिली म्हणजे गोव्याचे वेगळेपण ध्यानात येते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातील ला तोखा बेटावरचे संत कारालांपियोचे कपेल बाहेरून संपूर्णपणे पंख्याच्या आकाराच्या शिंपल्यांनी मढवलेले आहे. हाच शिंपला सान्तियागो द कोम्पोस्तेला येथे जाणाऱ्या यात्रेकरूंचे चिन्ह असल्याने त्याला तेथे धार्मिक अर्थ आहे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरील बीगल बे येथे जर्मन पॅलोटाइन मिशनरी आणि तेथील आदिवासी यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या आणि १९१८ मध्ये खुल्या झालेल्या चर्चची वेदी मोत्याच्या शिंपल्यांनी, कवड्यांनी आणि गोगलगाईंच्या कवचांनी जडवलेली आहे. या दोन्ही ठिकाणी शिंपला पृष्ठभागावर आहे आणि तो काढून घेतला तरी इमारत उभी राहील. जुन्या गोव्यात तसे नाही. येथे शिंपला इमारतीचे कार्य करतो, आणि ते फक्त खिडकीतच करतो असेही नाही.

कपेलच्या भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा म्हणजे उष्ण व दमट हवेत खडक कुजून, त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून जाऊन लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगे मागे राहिल्यामुळे तयार होणारा तांबडा, सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवेत आल्यावर कठीण होतो, म्हणून कोकणात तो बांधकामाचा राजा ठरला; परंतु त्याची छिद्रे पावसाचे पाणी शोषून घेतात. ज्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे उघडा जांभा टिकवणे कठीण असते. त्यावरचा उपाय म्हणजे चुन्याचा गिलावा, आणि चुनखडीचे साठे जवळ नसल्यामुळे किनाऱ्यावर तो चुना शिंपल्यांपासूनच मिळवला जाई. शिंपले भट्टीत सुमारे नऊशे अंश सेल्सियसपर्यंत भाजले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळूत मिसळून भिंतीवर लिंपला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनते. भिंत ज्या द्रव्याने झाकली जाते आणि खिडकी ज्या द्रव्याने भरली जाते ते रासायनिकदृष्ट्या एकच, आणि दोन्हींचा उगम खाडीत. जुन्या गोव्याच्या वास्तूंचे पांढरेपण, ज्याला अनेक जण निव्वळ पोर्तुगीज आवड समजतात, ते अशा रीतीने जांभ्याच्या दुर्बलतेवरचे औषधही होते.

या व्यवस्थेची मोडतोड दोन बाजूंनी झाली. रोगराईने पोखरलेले जुने शहर हळूहळू ओस पडले, १८३५ मध्ये गोव्यातील धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर मठांची देखभाल थांबली, १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला, आणि त्याच शतकात कारखान्यात तयार होणारी स्वस्त काच बाजारात आली. घराघरांतून शिंपल्यांच्या झडपा निघू लागल्या. दुसरा आघात मात्र जिव्हाळ्यापोटी झाला. संत फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षे होत असल्याच्या निमित्ताने १९५२ मध्ये भरलेल्या मोठ्या शवदर्शन सोहळ्याच्या सुमारास पोर्तुगीज शासनाने जुन्या गोव्यातील वास्तूंचे जीर्णोद्धार हाती घेतले, आणि दगडाचे मूळ रूप दिसावे या कल्पनेने बॉं जेझुस बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा खरवडून काढण्यात आला. सेंट कॅथरीनच्या कपेलचे नूतनीकरणही १९५२ मधलेच, आणि त्याच्या भिंतींवरही एकेकाळी असलेला चुन्याचा गिलावा आज नाही. उघड्या जांभ्याचा तो तांबडा रंग आता छायाचित्रांतून इतका रूढ झाला आहे की बॅसिलिकेवर पुन्हा गिलावा चढवावा, अशी मागणी अलीकडच्या वर्षांत झाली तेव्हा अनेकांना तोच बदल विद्रूप वाटला. इतिहासाच्या आणि दगडाच्या प्रकृतीच्या दृष्टीने पाहता गिलाव्याची बाजू अधिक सबळ आहे, असे म्हणावे लागते.

१९८६ मध्ये 'गोव्यातील चर्च आणि मठ' या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या वास्तूंत या कपेलचाही समावेश झाला. वारसा म्हणून इमारतीचे संरक्षण झाले. शिंपल्याचे संरक्षण वेगळ्या कायद्याखाली आणि बऱ्याच उशिरा झाले: २००१ मध्ये १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत प्लाकुनाचा समावेश करण्यात आला. आंध्र प्रदेशातील काकीनाडाच्या उपसागरात चुन्यासाठी आणि इतरत्र त्याच्या बारीक, औषधी उपयोगाच्या मोत्यांसाठी त्याची मोठ्या प्रमाणावर उपसणी झालेली होती, हे पाहता ही तरतूद आवश्यक होती. जुवारीच्या मुखाशी धोका निराळा आहे. तेथे जहाजवाहतूक, गाळउपसा आणि किनाऱ्यावरचे भराव यांनी ज्या मऊ तळावर हा प्राणी पडून राहतो तो तळच ढवळला जातो, आणि म्हणून या भागातील मरिनाच्या प्रस्तावांना मच्छीमारांनी केलेल्या विरोधात मेंड्योंचे नाव वारंवार पुढे आले.

यातून दुरुस्तीचा एक कठीण प्रश्न उभा राहतो. शिंपल्याच्या थरांमधील सेंद्रिय पदार्थ ऊन आणि दमट हवेने कालांतराने नष्ट होतो, पापुद्रे सुटू लागतात, तुकडा पांढुरका व ठिसूळ होतो, आणि मूळ रीतीनुसार तो बदलणे भाग असते. ताजा शिंपला गोळा करण्यावर निर्बंध असल्यामुळे वास्तुसंवर्धक पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांच्या झडपांतून शाबूत तुकडे जमवतात आणि ते दुसरीकडे बसवतात. हा साठा मर्यादित आहे व प्रत्येक पाडकामाबरोबर त्यातला बराचसा भाग कचऱ्यात जातो. जुन्या झडपांची गावोगाव नोंद ठेवणे आणि पाडकामापूर्वी त्या उतरवून घेणे हे अवघड काम नाही; गोव्यातील पंचायती, चर्चच्या विश्वस्त संस्था आणि पुरातत्त्व खाते यांच्यापैकी कोणालाही ते सुरू करता येईल, आणि खाडीतले गाळाचे तळ शाबूत राहिले तर पुढच्या शतकातील मेस्ताला खाचेत सरकवण्यासाठी नवा शिंपलाही कायदेशीर मार्गाने मिळू शकेल.